आयटी सोडून गुंतवणुकीची घरं विकायची म्हणजे



गेली दोन-तीन वर्षं मला एकच प्रश्न सारखा विचारला जातो. आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असताना, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, कधी थेट रात्री दहाला फोनवर. "ताई, आयटी सोडून मीही रिअल इस्टेटचं लायसन्स घेऊ का?" मला विचारतात, कारण मी सोळा वर्षं डेटाबेसवर काम केलं आणि गेली सात वर्षं डॅलसच्या उत्तरेकडच्या भागात, म्हणजे फ्रिस्को, मॅकिनी, सलायना या बाजूला, गुंतवणुकीची घरं विकते.

पूर्वी हा प्रश्न हौसेचा असायचा. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० लोक कमी केले. पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि ॲमेझॉनने १८,००० चे आकडे जाहीर केले. तेव्हापासून विचारणाऱ्याचा आवाज बदलला. आता विचारणारा माणूस पंचेचाळीस-पन्नाशीचा असतो, एक मूल कॉलेजात, एक हायस्कूलमध्ये, आणि पुन्हा कोडिंगच्या मुलाखती द्यायचा त्याला मनापासून कंटाळा आलेला असतो. म्हणून आज जरा सविस्तर बोलते. आधीच सांगते, मी कर सल्लागारही नाही आणि वकीलही नाही. ज्या ठिकाणी त्यांची गरज आहे, तिथे त्यांच्याकडेच जा.

सुरुवात व्हिसापासून करू, कारण निम्म्या फोनचा निकाल तिथेच लागतो. एच-१बी वर असाल तर नोकरी देणाऱ्या कंपनीशिवाय दुसरीकडे काम करून पैसे मिळवता येत नाहीत. परीक्षा देऊन पास होता येईल, पण कमिशन घेता येणार नाही. स्वतःच्या पैशाने घर घेऊन भाड्याने देणं ही वेगळी गोष्ट, दुसऱ्याला घर विकून दलाली घेणं ही वेगळी. आणि नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. त्या साठ दिवसांत धंदा बदलण्याचा विचार करू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्नच नाही. आणि तिसरा रस्ता एच-४ ईएडीचा. २६ मे २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर झालाय अशा अनेकांना हे कार्ड मिळायला लागलं, आणि त्यावर कुठलंही काम करता येतं. आपल्या लोकांत या धंद्यात बायका जास्त दिसतात त्याचं एक कारण हे आहे. नवरा ग्रीन कार्डच्या रांगेत, त्यामुळे त्याची नोकरी हलवायची नाही. बायको शिकलेली, करिअर मध्येच तुटलेलं, आणि लायसन्स काही महिन्यांत मिळतं. अर्थात कार्डाच्या नूतनीकरणावर धंदा टांगलेला राहतो, हेही त्यात आलंच.

लायसन्स खरंच सोपं आहे. टेक्सासमध्ये १८० तासांचे कोर्स, कॅलिफोर्नियात १३५, न्यूयॉर्कमध्ये ७७, न्यू जर्सीत ७५. वर परीक्षा, बोटांचे ठसे, फी. ज्याने सीओईपी किंवा व्हीजेटीआयची सेमिस्टर काढली त्याला ही परीक्षा अवघड नाही. पण आपल्याला जी गोष्ट सोपी, ती सगळ्यांनाच सोपी असते. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचे २०२२ मध्ये सुमारे १६ लाख सभासद होते. दुसऱ्या बाजूला, देशभरात जुन्या घरांचे व्यवहार २०२१ मध्ये ६१ लाखांच्या वर गेले होते, ते २०२४ मध्ये ४०.६ लाखांवर आले. १९९५ नंतरचा हा सगळ्यात कमी आकडा. एका व्यवहारात दोन एजंट धरले तरी तुम्हीच भागाकार करून पाहा. त्याच संघटनेच्या पाहणीत, दोन वर्षं किंवा त्याहून कमी अनुभव असलेल्या सभासदांचं २०२३ चं मध्यम उत्पन्न ८,१०० डॉलर निघालं. महिन्याचं नव्हे हो, वर्षाचं. आणि तेही खर्च वजा करण्याआधीचं.

आता एका व्यवहारात हाती काय येतं ते बघू. चार लाखांचं घर, अडीच टक्के कमिशन, म्हणजे १०,००० डॉलर. नवीन एजंटला स्वतंत्रपणे काम करता येत नाही, ब्रोकरच्या हाताखाली काम करावं लागतं आणि पैसे त्याच्याकडूनच येतात. त्याचा वाटा तीस टक्के धरला तर राहिले ७,०००. मग एमएलएसची फी, संघटनेची वर्गणी, विमा, पेट्रोल, फोटो. पगारात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा निम्मा भाग कंपनी भरते. इथे सगळे १५.३ टक्के आपले, त्यावर इन्कम टॅक्स. आणि तो कोणी कापून घेत नाही, दर तिमाहीला आपणच भरायचा. आयटीतून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो या एप्रिल-जून-सप्टेंबर-जानेवारीच्या तारखांचा. दुसरा धक्का आरोग्य विम्याचा. कोब्रावर जुना विमा साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो हिस्साही आता आपणच भरायचा. ते पहिलं बिल बघून चांगली चांगली माणसं लिंक्डइनवर परत गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

त्या ७,००० मधूनही आपले लोक आणखी एक मागणी करतात. "रिबेट किती देणार?" हा आपल्या समाजातला हमखास पहिला प्रश्न, घराचा प्रश्न दुसरा. टेक्सासमध्ये, न्यू जर्सीत एजंट आपल्या कमिशनचा भाग ग्राहकाला परत देऊ शकतो. ओरेगन, कॅन्सससारख्या राज्यांत त्याला मनाई आहे. आमच्या भागात बिल्डरच्या नवीन घरांवर दोन-दोन टक्के परत देणारे एजंट आहेत. भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागायची सवय इथेही जात नाही, त्याला मी तरी काय करणार. पण नवीन माणसाने हे गणितात आधीच धरावं. शिवाय १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रिअल्टर्सच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला, त्यानंतर ४१.८ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि आता घर दाखवण्याआधी एजंटने ग्राहकाशी लेखी करार करायचा, त्यात आपली फी आकड्यात लिहायची. म्हणजे ज्याच्या घरी काल आपण पुरणपोळी खाल्ली, त्याच्यासमोर आज "माझे अडीच टक्के" असा कागद ठेवायचा. आपल्याला पैशाचं तोंडावर बोलायची सवय नसते. ती लावून घ्यावी लागते. मला विचाराल तर हा नियम चांगला झाला.

आता मुख्य विषयाकडे येते. राहायचं घर विकणं आणि गुंतवणुकीचं घर विकणं, लायसन्स एकच, काम वेगळं. राहायच्या घरात शाळा, स्वयंपाकघर, देवघराची जागा, पूर्वेचं दार, हे सगळं येतं, आणि माणूस पाच-पंचवीस हजार मनाच्या समाधानासाठी जास्त देतो. गुंतवणुकीच्या घरात त्याला फक्त आकडे हवे असतात. ते आकडे मांडून देणं हे आपलं काम. आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवून तो तीस वर्षांचं कर्ज काढतो, बहुतेकदा घर न बघता, कॅलिफोर्नियात बसून.

एक साधा हिशेब रेडिओवरच मांडते, कागद-पेन्सिल असेल तर घ्या. घर चार लाखांचं. पंचवीस टक्के, म्हणजे एक लाख रोख. कर्ज तीन लाख, सात टक्क्यांनी, तीस वर्षं. हप्ता १,९९६ डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स दोन टक्के धरू, महिना ६६७. विमा २५०. एचओए ५०. भाडं २,४०० येईल असं धरू, आणि मालक लांब राहतो म्हणून सांभाळणाऱ्या कंपनीचे आठ टक्के, म्हणजे १९२. बेरीज झाली ३,१५५. आले २,४००. दर महिन्याला खिशातून ७५५ डॉलर, आणि यात घर एक महिनाही रिकामं राहिलेलं नाही, एसी बिघडलेला नाही, छपरावर गारा पडलेल्या नाहीत. डॅलसमध्ये राहणाऱ्यांना गारांचं सांगायला नको.

आता हेच घर, व्याज फक्त साडेतीन टक्के करा. हप्ता १,३४७ होतो, आणि महिन्याचा खड्डा शंभराच्या आसपास उरतो. भाडं थोडं वाढलं की घर आपल्या पायावर उभं. तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. गुंतवणुकीच्या घराला त्याहून थोडा जास्तच पडतो. त्यामुळे २०२१ मध्ये घर घेतलेला तुमचा मित्र पॉटलकमध्ये जे सांगतो ते खोटं नसतं, फक्त ते गणित आता विकत मिळत नाही. हे ग्राहकाला सांगायचं काम एजंटचं, आणि सांगितलं की बरेचदा व्यवहार बुडतो.

आयटीतला माणूस इथे उपयोगी पडतो. आकडा कुठून आला हे विचारायची त्याला सवय असते. टेक्सासमधली एक नेहमीची गोष्ट घ्या. जाहिरातीच्या कागदावर टॅक्स दिसतो तो आत्ताच्या मालकाचा. तो स्वतः तिथे राहत असेल तर त्याला होमस्टेडची सूट आहे. २०२३ मध्ये शाळेच्या करासाठी ही सूट एक लाख डॉलर झाली आणि नंतर आणखी वाढली. तो पासष्टच्या पुढचा असेल तर त्याचा शाळेचा कर गोठवलेला आहे. भाड्याने देणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे कागदावर पाच हजार दिसणारा कर नव्या मालकाला आठ हजार येऊ शकतो. नव्या घराचं तर आणखीच गंमतशीर: एक जानेवारीला तिथे नुसती जमीन होती म्हणून पहिल्या वर्षीची पट्टी जमिनीपुरती येते, दुसऱ्या वर्षी घरासकट. मालक बे एरियात बसून विचारतो, "ताई, काही चूक झाली का?" चूक काही झालेली नसते, कोणी आधी सांगितलेलं नसतं. कॅलिफोर्नियातही विकणाऱ्याची जुनी पट्टी पाहून हिशेब करू नये, कारण १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे जुन्या मालकाचा कर खाली बांधलेला असतो आणि विक्री झाली की नव्या किमतीवर बसतो. आणि कॅलिफोर्नियात राहून टेक्सासमधलं भाडं घेणाऱ्याने ते भाडं कॅलिफोर्नियाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. "टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नाही" हे वाक्य टेक्सासमध्ये राहणाऱ्यापुरतं खरं आहे. मी हे वाक्य विक्रीच्या सेमिनारमध्ये अर्धवट सोडलेलं ऐकलंय.

तसंच दुसरं वाक्य, "टॅक्स वाचतो". इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा करता येते, हे खरं. चार लाखांत जमीन ऐंशी हजारांची धरली तर वर्षाला साडेअकरा हजारांच्या वर घसारा बसतो. पण त्यातून कागदावर होणारा तोटा पगारातून वजा करायला १९८६ च्या कायद्याने मर्यादा घातली. एकूण उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर वर्षाला २५,००० पर्यंत, पुढे कमी कमी होत दीड लाखाला ती सवलत संपते. दोघंही आयटीत असलेल्या घराचं उत्पन्न दीड लाखाच्या वरच असतं. मग तो तोटा वाया जात नाही, पण पुढे ढकलला जातो, भाड्यातून नफा होईल तेव्हा किंवा घर विकताना कामी येतो. यावर्षी त्याचा चेक येत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि त्यावर आपल्याकडे बरीच कुजबुज चालते. नवरा-बायकोपैकी एकाने वर्षाला ७५० तासांहून जास्त, आणि आपल्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ रिअल इस्टेटमध्ये घातला, शिवाय त्या भाड्याच्या घरांचं कामही खरोखर अंगावर घेतलं, तर ती मर्यादा सुटू शकते. म्हणून काही घरांत बायकोने लायसन्स घ्यायचं ठरतं ते टॅक्ससाठी. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण नुसतं लायसन्स भिंतीवर लावून ७५० तास होत नाहीत. आयआरएस तासांची नोंद मागते, आणि वर्षअखेरीला एका बसणीत लिहिलेली डायरी ओळखू येते. शिवाय माझा दुसरा आक्षेप जरा घरगुती आहे. ज्या बाईला हे काम करायचंच नाही, तिला नवऱ्याचा टॅक्स वाचावा म्हणून शनिवार-रविवार लोकांची घरं उघडून दाखवत फिरायला लावणं मला पटत नाही. तिला काय करायचंय ते आधी विचारा.

आता ज्यासाठी खरं म्हणजे मी आजचं बोलणं मान्य केलं, ते. आपले पहिले ग्राहक कोण? आपलीच माणसं. मंडळातली, मुलांच्या वर्गातली, जुन्या टीममधली. नोकरीत मी लिहिलेल्या क्वेरीने मित्राचं घर हललं नसतं. इथे मित्र ज्या दिवशी कर्जाच्या कागदावर सही करतो त्याच दिवशी माझे पैसे होतात, आणि त्याचं बरं-वाईट पुढच्या दहा वर्षांत ठरतं. पुण्यात आपण इस्टेट एजंटला मागे दलाल म्हणतो आणि समोर साहेब म्हणतो. तो शब्द उगाच आलेला नाही.

मागे बे एरियातलं एक जोडपं ओळखीतून आलं. सलायनाच्या बाजूला बिल्डरचं नवीन घर, साधारण मघाच्याच किमतीचं. मी त्यांना मघासारखाच तक्ता पाठवला, खऱ्या विम्याच्या कोटेशनसह, आणि सांगितलं की महिना सात-आठशे घालायची तयारी असेल, आणि घर दहा वर्षं धरून ठेवणार असाल, तर घ्या. भाड्यावर चालेल असं समजून घेऊ नका. त्याच रस्त्यावर बिल्डरची आणखी तीसेक घरं तयार होत होती, आणि त्यातली बरीच गुंतवणूकदार घेत होते. म्हणजे भाडेकरू शोधायला सगळे एकाच महिन्यात उभे राहणार. ते दोघं आठवडाभर विचार करतो म्हणाले. नंतर कळलं, दुसऱ्या एजंटकडून दोन टक्के रिबेट घेऊन त्यांनी तेच घर घेतलं. त्यांचे आठ हजार वाचले, माझे दहा गेले. दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज आला. घराबद्दल त्यात काही नव्हतं, मीही विचारलं नाही. असं वर्षातून तीन-चार वेळा होतं. पहिल्या वर्षी, जेव्हा खात्यात काहीच येत नसतं, तेव्हा हे बोलणं जड जातं, म्हणून मी सगळ्यांना म्हणते की निदान दीड वर्षाचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय यात उतरू नका. ज्याला या महिन्याचा हप्ता भरायचाय, त्याच्या तोंडून "हे घर घेऊ नका" निघणं कठीण असतं. माणूस वाईट नसतो, गरज बोलते.

याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. एक-दोन घरं विकल्यावर कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, "घरं काय विकत बसलीस, सिंडिकेशनमध्ये ये." म्हणजे तीस-चाळीस लोकांकडून पन्नास-पन्नास हजार गोळा करायचे आणि दोनशे-तीनशे अपार्टमेंटचं संकुल घ्यायचं. आपल्या लोकांत हे व्हॉट्सॲपवरून फार वेगाने पसरलं. ह्यूस्टनचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. ॲपल्सवे इन्व्हेस्टमेंट ग्रुप नावाच्या कंपनीची तिथली चार संकुलं, मिळून ३,२०० च्या आसपास अपार्टमेंट्स, एप्रिल २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्याने लिलावात काढली. कर्ज सुमारे २३ कोटी डॉलरचं. कंपनी उभी करणारे गृहस्थ भारतातून आलेले, आधी आयटीतले. म्हणजे आजच्या आपल्या विषयाचीच गोष्ट. संकुलं घेतली तेव्हा पैसा स्वस्त होता आणि कर्ज बदलत्या व्याजाचं होतं. फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून व्याज वाढवायला घेतलं ते जवळपास शून्यावरून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेलं, आणि हप्ता भाड्याच्या पुढे गेला. अशा लिलावात आधी कर्ज देणाऱ्याचं देणं फिटतं. ज्यांनी हिस्से घेतले त्यांची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं.

एजंटच्या बाजूने यात कायद्याचा मुद्दा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. घर विकायचं लायसन्स म्हणजे सिंडिकेशनचे हिस्से विकायचं लायसन्स नव्हे. ते हिस्से सिक्युरिटी धरले जातात. दुसऱ्याच्या योजनेत माणसं आणून त्यावर टक्केवारी घ्यायची असेल तर सिक्युरिटीजच्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. "तू फक्त पाच जण आण, तुला दोन टक्के देतो" असं कोणी म्हणालं तर पाहुणचाराला धन्यवाद देऊन उठा. आणि श्रोत्यांपैकी जे पैसे घालणारे आहेत त्यांच्यासाठी: "अक्रेडिटेड" म्हणजे एकट्याचं उत्पन्न दोन लाख, जोडप्याचं तीन लाख, किंवा राहतं घर सोडून दहा लाख डॉलरची मालमत्ता. ही अट तुमची ऐपत मोजते. योजना चांगली आहे असं ती सांगत नाही.

एक गोष्ट भाड्याबद्दल सांगायची राहिली. आपले मालक सहज म्हणून जातात, "भाडेकरू आपलाच बघ हं, भारतीय, शाकाहारी असला तर उत्तम." पुण्या-मुंबईत अशा पाट्या आपण वाचलेल्या आहेत. इथे १९६८ चा फेअर हाउसिंगचा कायदा आहे. वंश, धर्म, मूळ देश, लहान मुलं असणं, अपंगत्व, यावरून एजंटने भाडेकरू निवडला किंवा टाळला तर लायसन्स जातं, वर खटला. "त्या भागात आपली लोकं किती आहेत?" या प्रश्नालाही एजंट उत्तर देत नाही. मी दिलं नाही म्हणून एक काकू माझ्यावर रुसल्या होत्या. त्यांना वाटलं मला माहीतच नाही. जनगणनेचे आकडे सगळ्यांना खुले आहेत, ते स्वतः बघावेत.

मग हे कोणी करावं? ज्याला फोन उचलायला आवडतं त्याने. टेक्सासमध्ये करार झाल्यावर ऑप्शन पिरियड असतो, ठराविक दिवस, बहुतेकदा आठवडाभराचे, त्या काळात थोडी फी भरून ग्राहकाला कारण न देता माघार घेता येते. इन्स्पेक्शन, दुरुस्तीची बोलणी, विम्याचं कोटेशन, सगळं त्या दिवसांत उरकायचं. तेव्हा तुम्ही स्टँडअप मीटिंगमध्ये अडकलेले असाल तर ग्राहकाचं नुकसान होतं. म्हणून नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचा एजंट होणं मला फारसं पटत नाही. तरी करायचंच असेल तर कंपनीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. आणि मंडळाच्या कार्यक्रमात कार्डं वाटू नका. दर्शनाच्या रांगेत हातात कार्ड कोंबलेला माणूस घर दुसऱ्याकडूनच घेतो, हा माझा अनुभव आहे.

ज्यांचं मन तरीही ओढ घेतंय त्यांनी लायसन्सची फी भरण्याआधी एक महिना असं करून बघा. आपल्या भागातली विक्रीला असलेली दहा घरं निवडा. दहाही घरांचा मघासारखा तक्ता करा. टॅक्स काउंटीच्या साइटवरून स्वतः काढा, सूट वजा नसलेला. विम्यासाठी खरा फोन करा. घरं सांभाळणाऱ्या दोन-तीन कंपन्यांना विचारा की हे घर कितीला जाईल आणि किती दिवस रिकामं राहील. तिघंही वेगळा आकडा सांगतील, सगळ्यात कमी आहे तो घ्या. मग आजूबाजूची भाड्याची घरं संध्याकाळी जाऊन बाहेरून बघा. हे सगळं करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, तर कोर्सला नाव घाला. दुसऱ्या घरालाच जांभई आली, तर रेझ्युमे काढा आणि दुरुस्त करायला घ्या. तेही तितकंच शहाणपणाचं काम आहे.